हातांची रांग

वसुधाताई टिपणीस यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टेबलाखाली होत्या. बाहेर फक्त पावलं दिसत होती. जाड लोकरी मोजे आणि त्यांवर अंगठ्याच्या चपला. मोजा अंगठ्यापाशी चिमटून चपलेचा पट्टा त्यात बसवण्याची ही कला परदेशी गेलेल्या मराठी बायकांच्या एका पिढीला साधली आहे. इंग्रजांना अजून तिचा उलगडा झालेला नाही. टेबलाखालून इंग्रजीत हुकूम आला, "दहाचा पाना दे." मी समोरच्या ट्रेमधून शोधून दिला. पाना घेणाऱ्या हाताने माझा हात सोडला नाही. तो उलटा केला, सुलटा केला, आणि मग मराठीत प्रश्न आला, "पुण्याची का गं?"

हातावरून ओळखलं वगैरे काही नव्हतं. माझा अर्ज त्यांनीच वाचला होता. पण हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं आणि तोवर मी त्यांना अंतर्ज्ञानी समजत होते. त्यांनीही तो समज दूर करायची घाई केली नाही.

दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. माझ्या नवऱ्याला मँचेस्टरच्या एका आयटी कंपनीने बोलावलं होतं. त्याच्यामागोमाग मी आले, इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री आणि अगदीच निरुपयोगी असे पुणेरी स्वेटर घेऊन. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात मला नोकरी मिळाली. क्लिनिकल इंजिनिअरिंग असं भारदस्त नाव असलेलं आमचं खातं म्हणजे बिनखिडक्यांच्या तीन खोल्या आणि एक स्टोअर. हॉस्पिटलात येणारं प्रत्येक यंत्र, मग तो मॉनिटर असो, पंप असो की ताप मोजायचं साधन, आधी आमच्याकडे यायचं, आम्ही ते तपासायचो आणि मगच ते वॉर्डात जायचं. खात्याचा जुना हेड केव्हाच निवृत्त झाला होता. त्याचं सगळं काम वसुधाताई करत होत्या. फक्त दारावर त्यांच्या नावाची पाटी नव्हती.

पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणी मॅडम आलीय का म्हणून. दुसऱ्या दिवशी काकू म्हटलं.

"तुझ्या काकांना मी ओळखतसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "उगाच नाती लावू नकोस. ताई म्हण."

ऑफिसातले बाकीचे त्यांना 'वॅस' म्हणायचे. वसुधा हे नाव तिथल्या जिभेला पेलत नव्हतं, आणि त्यांनीही कधी ते शिकवायचा आग्रह धरला नाही. "नावाचं काय एवढं," म्हणायच्या, "फोन उचलला म्हणजे झालं."

उंचीने बेताच्या, रंगाने माझ्यापेक्षा दोन छटा सावळ्या, केस कापलेले, कपाळावर बारीकशी टिकली. कार्डिगनच्या दोन्ही खिशांत स्क्रू, वायरचे तुकडे आणि वेलदोडे. वेलदोडा समजून त्यांनी एकदा फ्यूज तोंडात टाकला होता, अशी दंतकथा होती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खोटं आहे. रेझिस्टर होता."

त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता ते माझंच झालं आहे. "यंत्र खोटं बोलत नाही गं, पण विचारलं तेवढंच सांगतं." ह्या वाक्याचा अर्थ मला एका वॉर्डातल्या मॉनिटरने शिकवला. तो रोज दुपारी काहीही कारण नसताना बोंबलायचा. आम्ही तो खाली आणायचो, तपासायचो. अगदी गुणी बाळासारखा वागायचा. पुन्हा वर नेला की दुपारी बोंब. शेवटी वसुधाताई आपला डबा घेऊन त्या वॉर्डात जाऊन बसल्या. मॉनिटरला हातही लावला नाही. दडपे पोहे खात नुसत्या बघत बसल्या. दुपारी ऊन खिडकीतून आत आलं, पेशंटच्या बोटावरच्या, प्रकाशाने ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर पडलं आणि मॉनिटर ओरडायला लागला. त्यांनी पेशंटचा हात पांघरुणाखाली सरकवला आणि डबा बंद केला. मँचेस्टरला ऊन पडतं यावर कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून तो विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता, इतकंच.

ऑक्टोबर महिन्यात आमच्या हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये पोस्टर लागायची. काळ्या आणि सावळ्या लोकांनी विज्ञानात, इंजिनिअरिंगमध्ये काय काय केलं, त्यांची चित्रं आणि माहिती. लोक जाता जाता एक नजर टाकायचे. वसुधाताई मात्र चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक पोस्टर तळापर्यंत वाचायच्या आणि एखाद्या शोधाची माहिती चुकीची असली की पेन्सिलने शेजारी दुरुस्ती करायच्या. त्यांना त्या चित्रांचं मनापासून कौतुक होतं. एका वर्षी त्यांनाच विचारणा झाली, तुमचा फोटो द्या आणि तुमच्या प्रवासाबद्दल चार ओळी लिहा. त्यांनी लिहून दिलं: "मेट्रोलिंक ट्राम, सेल स्टेशनपासून. बहुधा वेळेवर." ते काही पोस्टरवर आलं नाही.

मी पुण्याची आहे, कौतुक करताना आम्ही हात आखडता घेतो. पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले आहे तिथे मी तसं करणार नाही. ती गोष्ट नळांची आहे.

त्या सुमारास हॉस्पिटलमध्ये हात न लावता चालणारे नळ बसवायला सुरुवात झाली होती. आपण हात खाली धरायचा, नळातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो, हातावर आपटून परत येतो, पुरेसा परत आला की पाणी सुटतं. नळाला हात लागत नाही, म्हणजे जंतूही लागत नाहीत. कल्पना उत्तम. आधी काही जुन्या वॉर्डांत आणि आमच्या तळघरातल्या बाथरूममध्ये ते बसवले. मग वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी एक नवा वॉर्ड बांधून होत आला होता, तिथे सगळीकडे तेच बसले. हा वॉर्ड हॉस्पिटलची शान होणार होता. उद्घाटनाची तयारी चालली होती. नळ हे काही आमचं खातं नव्हे, ते इमारतवाल्यांचं. आम्ही तिथे गेलो होतो ते मॉनिटर जोडायला.

सिस्टर मार्शा त्या वॉर्डची मुख्य नर्स होणार होती. मूळची बार्बाडोसची, पण मँचेस्टरमध्ये इतकी वर्षं काढलेली की थंडीला शिव्या अस्सल तिथल्या द्यायची आणि तिथल्यासारखंच येताजाता कुणालाही 'लव्ह' म्हणायची. ती बेसिनपाशी उभी राहून हात धुत होती. दोन्ही तळवे आभाळाकडे करून, देवळात तीर्थ घेतात तसे. तिने हात उलटे केले की पाणी थांबायचं. पुन्हा सुलटे केले की सुरू.

वसुधाताई हातातली वायर तशीच धरून बघत राहिल्या. मग विचारलं, "मार्शा, तू अशी का धुतेस?"

"या नळांना हीच बाजू आवडते, लव्ह," मार्शा सहज म्हणाली आणि कागदी टॉवेल ओढला.

वसुधाताई बेसिनपाशी गेल्या. त्यांनी हात पुढे केला आणि तो आपोआप उलटून तळवा वर आला. पाणी सुटलं. त्या दचकल्या. मलाही त्याच क्षणी उमगलं की तळघरातल्या बाथरूममध्ये मीही कित्येक महिने असाच तळवा वर करत होते. कुणी शिकवलं नव्हतं. नळ चालला नाही की आपण हात हलवतो, पालथा-उताणा करतो, कधीतरी पाणी येतं आणि आपण त्या रीतीला चिकटून राहतो. हाताचा तळवा सगळ्यांचाच उजळ असतो. पालथा हात मार्शाचा काळा, ताईंचा सावळा, माझा गव्हाळ.

"मी इंजिनिअर आहे," वसुधाताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "आणि मी रोज या नळापुढे हात अ‍ॅडजस्ट करत बसले. एकदाही विचारलं नाही, व्हाय? नळाची चूक आपण सगळ्यांनी आपल्या हातावर घेतली गं!"

इतका संताप मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. तो स्वतःवरचाच होता.

त्याच दुपारी त्यांनी आमच्या बाथरूममधला नळ उघडून टेबलावर मांडला. कारण सापडायला वेळ लागला नाही. स्टीलच्या बेसिनवरून प्रकाश परत येऊन हे नळ आपोआप वाहायचे, म्हणून बसवणाऱ्याने त्यांची संवेदना कमी केली होती. इतकी कमी की गोऱ्या हातावरून परतलेला प्रकाश पुरायचा, काळ्या-सावळ्या हातावरून परतलेला पुरत नव्हता. बसवणाऱ्याने आपलाच हात खाली धरून तपासलं होतं, पाणी आलं होतं, तो पुढच्या नळाकडे गेला होता. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आणि म्हणूनच ते अधिक चीड आणणारं होतं.

रविवारी त्यांनी मला सेल या उपनगरातल्या घरी बोलावलं. स्वयंपाकघरात भांडी घासायच्या टबात पाणी, त्यावर तो नळ टांगलेला, आजूबाजूला तारांचं जंजाळ. श्रीकांतराव, म्हणजे त्यांचे यजमान, कौन्सिलमध्ये अकाउंट्सला होते. ते एका कोपऱ्यात टॉवेल घेऊन तयारीत उभे. मुलगी अनघा तिथेच जन्मलेली, शाळेत शिक्षिका झालेली. ती जिन्यावरून खाली आली आणि पाण्याचा फवारा नेमका तिच्या अंगावर गेला.

"आई! माझा सगळा केस ओला झाला!"

"पुस मग," आई म्हणाली. "नळ सुरू झाला ते बघ ना आधी."

ताईंनी शोधलेला उपाय मला अजून पाठ आहे, कारण इतकी साधी आणि सुंदर गोष्ट मी त्यानंतर फार कमी पाहिली. जुना नळ किती प्रकाश परत आला हे मोजायचा. त्यांनी एक छोटं भिंग आणि वेगळा सेन्सर बसवून तो कुठून परत आला हे मोजायला लावलं. हातावरून आलेला प्रकाश एका जागी पडायचा, बेसिनवरून आलेला दुसऱ्या जागी. मग थोडासा परत आला तरी चालत होतं. "हात खाली आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "तो कुठल्या रंगाचा आहे, हे नळाला कुणी विचारलंय?"

चहा झाल्यावर खरी गोष्ट निघाली. हेडच्या जागेचा इंटरव्ह्यू जाहीर झाला होता, वॉर्डच्या उद्घाटनानंतर काही आठवड्यांनी. इतक्या वर्षांनी ती जागा भरणार होती. आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांत इमारत खात्याचे संचालक मिस्टर पॉलार्ड होते. हे नळ त्यांनीच निवडले होते.

"वसू, इंटरव्ह्यू होऊन जाऊ दे," श्रीकांतराव म्हणाले. "मग बोल ना नळांबद्दल. आत्ता त्या पॉलार्डच्या वाटेला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"अहो, वॉर्ड त्याच्या आधी ओपन होतोय."

"होऊ दे की. कम्प्लेंट नंतरही करता येते."

"आणि तोपर्यंत मार्शाने काय करायचं? तिच्या हातात एवढीएवढीशी बेबीज असणार आहेत."

"ती तळवा वर करून धुते म्हणालीस ना?"

ताईंनी नळाला जुना सेन्सर परत जोडला आणि तो त्यांच्यापुढे धरला. "आता हाताची मागची बाजू धुवून दाखवा बघू."

श्रीकांतराव ताईंपेक्षाही सावळे. त्यांनी हात पालथा केला, पाणी थांबलं. तळवा वर केला, पाणी आलं. मागची बाजू कोरडीच. दोन-तीनदा करून त्यांनी टॉवेलने हात पुसले आणि बराच वेळ पुसत राहिले.

"आई, बाबा बरोबर बोलतोय," अनघा म्हणाली. "पण तू पण बरोबर बोलतो."

मला आठवतं, ताईंनी खिडकीतून बाहेर बघत एक वेलदोडा सोलला आणि तो खाल्ला नाही. त्यांना ती जागा किती हवी होती हे मला माहीत होतं. त्या मुद्दाम बोलायच्या नाहीत, पण नव्या यंत्रांची, नव्या माणसांची, तळघरातून वर खिडकीवाल्या खोल्यांत जाण्याची सगळी आखणी त्यांच्या डोक्यात तयार होती.

सोमवारी त्यांनी पॉलार्डना गाठलं. मी बरोबर होते, नळ धरायला. पॉलार्ड वाईट माणूस नव्हता. उंच, लालसर, कामाच्या ओझ्याने वाकलेला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वॅस, हे नळ कित्येक महिने वापरात आहेत. आमच्याकडे एकही तक्रार नोंदलेली नाही."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "मीसुद्धा केली नाही."

"मग?"

"मग चहाला या. गुरुवारी, नव्या वॉर्डात. शंकरपाळी करून आणते."

इंग्रज माणूस मीटिंग टाळेल, पण चहा टाळणार नाही. गुरुवारी वॉर्डात बरीच मंडळी जमली. पॉलार्ड आला, उद्घाटन समितीतले लोक आले, नळ बसवणारा केविन आला. मार्शा आली, तिच्या नर्सेस आल्या, नायजेरियाचे एक डॉक्टर आले, सफाईवाल्या बांगलादेशी बायका आल्या, माझ्यासारखे तळघरातले आले. ताईंनी शंकरपाळ्यांचा मोठा डबा टेबलावर ठेवला आणि झाकणावर हात ठेवून जाहीर केलं, "आमच्या घरची रीत आहे. हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. मागून-पुढून, नीट. मार्शा बघेल."

हसतखेळत रांग लागली. इंग्लंडमध्ये रांग लावायला सांगावं लागत नाही. पॉलार्ड पहिल्या बेसिनपाशी होता. त्याने हात धुतले, पुसले, शंकरपाळी तोंडात टाकली, छान आहे म्हणाला, आणि मागे वळून पाहिलं तर रांग हललेली नव्हती. सगळ्या बेसिनांपाशी एकेक जण उभा. डॉक्टर हात पालथे धरून उभे होते. मार्शा पालथे धरून उभी होती. सफाईवाल्या फिरोजाबाई पालथे धरून उभ्या होत्या. ताईंनी सगळ्यांना बजावलं होतं, आज तळवा वर करायचा नाही. पाण्याचा आवाज नव्हता.

पॉलार्डचा घास तोंडात राहिला. तो मार्शाजवळ गेला. "हे कधीपासून चाललंय?"

"नळ बसले तेव्हापासून, लव्ह."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

मार्शाने हात खाली घेतले. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मलाही नेमकं तेच वाटलं होतं. त्या रांगेतल्या प्रत्येकाला वाटलं असणार.

केविन गोरामोरा झाला होता. "मी माझ्याच हाताने सेट केलं," तो म्हणाला. "माझ्याजवळ दुसरा हात नव्हता."

"मीही माझ्याच हाताने तपासलं असतं, केविन," ताई म्हणाल्या. "फक्त मला पाणी आलं नसतं." आणि त्यांनी डबा उघडून पहिली मूठ त्याच्या हातावर ठेवली.

वॉर्डचं उद्घाटन पुढे ढकललं गेलं. बोलावलेल्या पाहुण्यांना पुन्हा कळवावं लागलं, वर्तमानपत्रवाल्यांना सांगावं लागलं, पॉलार्डला वरिष्ठांपुढे उभं राहावं लागलं. नवे नळ काढून तिथे कोपराने उघडायचे दांड्याचे नळ बसले आणि मगच वॉर्ड सुरू झाला. मग इंटरव्ह्यू झाला. हेडची जागा लीड्सहून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली.

कारण कुणी दिलं नाही. पॉलार्डमुळे गेली असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नवे गृहस्थ लायक होते आणि माणूस म्हणून चांगले होते. पण मला अजूनही तो अन्याय वाटतो आणि मी तसं इथे लिहून ठेवते. निकाल कळला त्या दिवशी ताई स्टोअरमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"धूळ फार झालीय आत," त्या म्हणाल्या. मी खुर्ची पुढे सरकवली. मग त्याच म्हणाल्या, "मला हवी होती गं ती जागा. खोटं कशाला बोलू? खूप हवी होती."

"मग थांबायचं होतं ना ताई, थोडे दिवस."

"थांबले असते तर मिळाली असती कदाचित. मग रोज त्या वॉर्डवरून जाताना मान खाली घालून गेले असते." त्यांनी नाक पुसलं. "चल, वर एक पंप बंद पडलाय."

पुढे नळ बनवणाऱ्या कंपनीची माणसं आली. ताईंनी स्वयंपाकघरातला तो खटाटोप त्यांच्यापुढे मांडला, भिंग कुठे बसवायचं ते दाखवलं, त्यांच्या प्रश्नांची उत्तरं दिली. पुढच्या मॉडेलमध्ये तो बदल आला. नव्या नळांची पहिली खेप आमच्या हॉस्पिटलात आली ती केविन स्वतः ट्रॉलीवर घालून आधी तळघरात घेऊन आला. "वॅस, हात पाहिजेत," म्हणाला. आम्ही हात गोळा केले. तेव्हापासून प्रकाशाने चालणारं किंवा माणसाच्या कातडीला लागणारं कुठलंही यंत्र वॉर्डात जाण्यापूर्वी ही हातांची रांग लागू लागली. लीड्सच्या हेडसाहेबांनी तो खात्याचा नियमच केला. लोक त्याला 'वॅसची रांग' म्हणत. ताईंना ते आवडायचं, पण "शंकरपाळ्यांसाठी येतात सगळे" असं म्हणत राहायच्या. आणि शंकरपाळी करत राहायच्या.

मी त्यांच्याकडून सर्किट शिकले, सोल्डरिंग शिकले, डबा घेऊन यंत्रासमोर गप्प बसायला शिकले. पण त्यांनी मला खरं दिलं ते हे, की एखादी गोष्ट माझ्यासाठी चालली नाही तर पहिला संशय स्वतःवर घ्यायचा नाही. परक्या देशात नवी आलेल्या बाईला याहून मोठी देणगी मिळू शकत नाही. मी त्यांची ऋणी आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बरं. आता तो मीटर कॅलिब्रेट कर."

त्या निवृत्त झाल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी मुलगी जन्मली. फार लवकर. ज्या वॉर्डात मी कधीकाळी मॉनिटर जोडले होते तिथे, काचेच्या पेटीत, तिला ठेवलं. तिच्याकडे बघायचीसुद्धा मला भीती वाटायची. तिच्यासाठी सगळ्यात मोठा धोका संसर्गाचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी डोळे लावून बसायचे. बेसिनला आता ते नवे नळ होते. दिवसभर, रात्रभर त्यांचं पाणी वाहताना ऐकू यायचं. काळे हात, गोरे हात, सावळे हात, सगळे धुतले जात होते, आणि मग माझ्या मुलीला उचलत होते.

एका दुपारी वसुधाताई आल्या. लांब कोट, डोक्याला मफलर, थोड्या वाकलेल्या. दारापाशीच बेसिन होतं. त्यांनी जुन्या सवयीने तळवे वर करूनच हात धुतले आणि आत येऊ लागल्या, तोच तिथल्या नर्सने त्यांना अडवलं. नवीन मुलगी होती, केरळची, वॉर्डात येऊन फार दिवस झाले नसावेत.

"मॅडम, सॉरी, परत धुवाल का? मागची बाजू राहिली. असं, बघा." तिने स्वतःचे हात पालथे करून बोटांच्या बेचक्यांपासून मनगटापर्यंत सगळं दाखवलं.

मी खुर्चीवरून अर्धी उठले. मला त्या मुलीला सांगायचं होतं, अगं, तू कुणाला शिकवते आहेस? ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली. मी बसले.

त्या मुलीला वाटलं, आजीबाईंना राग आला. ती समजुतीने म्हणाली, "इथे सगळ्यांनाच हा रूल आहे, मॅडम. डिपार्टमेंटचे हेड आले तरी धुवावेच लागतात."

"हो का?" ताई म्हणाल्या. "मग मला तर धुवायलाच हवेत."

त्यांनी कोट उतरवला, कार्डिगनच्या बाह्या वर केल्या, दोन्ही हात पालथे करून नळाखाली धरले आणि ती मुलगी पुरे म्हणेपर्यंत धुत राहिल्या.